तुमच्या घड्याळात किती वाजले?

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर आम्ही उभयता कुलस्वामिनीच्या दर्शनाला अंबाजोगाईस गेलो, आणि योगेश्वरीच्या देवळातून बाहेर पडतो न पडतो तोच माझे घड्याळ बंद पडले. संध्याकाळी लातूरला जाऊन मुंबईची गाडी पकडायची होती. खिशात मोबाईल होता, नाही असे नाही. पण पन्नास वर्षांची सवय! नजर मनगटाकडेच जाते, आणि तिथे दुपारपर्यंत सव्वादहाच वाजलेले दिसले की जीव कासावीस होतो. शिवाय ते घड्याळ वडिलांनी मी मॅट्रिक झाल्यावर घेऊन दिलेले, एच.एम.टी.चे 'जनता'. "हे इथेच दुरुस्त करून घ्या, म्हणजे घरी जाईपर्यंत तुमचा चेहरा तरी ठीक राहील," असे सौभाग्यवतींनी सुचवले.

बाजारात चौकशी करता एका गल्लीच्या तोंडाशी कपाटाएवढे दुकान सापडले. डोळ्याला भिंग लावून एक वृद्ध घड्याळजी बसले होते. सारा गाव त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी घड्याळ कानाशी धरले, पाठीमागचे झाकण उघडले आणि निदान केले, "मेलं नाई हे. तेल वाळलंय. दोन तास बसा."

समोरच्या बाकावर तिघे जण आधीच बसलेले होते. कोणाचे काम होते, कोणाचे नव्हते. "जनता का?" पांढऱ्या सदऱ्यातल्या एका गृहस्थांनी विचारले. मी हो म्हणताच ते सरकून बसले. "मग या आमच्यात."

हे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी बाही वर करून आपले घड्याळ दाखवले. काळी तबकडी, पांढरे ठळक अंक : एच.एम.टी.चे 'पायलट'. नोकरी लागली त्या वर्षीचे. "वडिलांचं वेस्ट एंड होतं," गुरुजी सांगू लागले. "स्वित्झर्लंडचं यंत्र. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. गावात चार लोकांच्या हातात घड्याळ, आणि चौघांचंही परदेशी."

पुढे काय झाले ते वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. जपानच्या सिटीझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगलोरला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, आणि पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर पडली. जनता, पायलट, सोना, कांचन, सुजाता, कोहिनूर, तरुण ही नावे मग घरातल्या मुलांच्या नावांसारखी तोंडात बसली. मॅट्रिक पास झालेल्याला घड्याळ, निवृत्त होणाऱ्याला घड्याळ, आणि नवरदेवाला तर घड्याळ हवेच. त्यापायी मांडवात रुसलेले जावई आणि कर्ज काढणारे सासरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या हौसेची दुसरी बाजूही ठाऊक आहे.

"शाळेची घंटा ह्याच्यावर व्हायची," गुरुजी म्हणाले. "हे दोन मिनिटं मागं पडलं, की चारशे पोरांची सुट्टी दोन मिनिटं उशिरा. म्हणून रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना वेळ लावायची आणि मगच चहा."

शेजारच्या बाई सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांच्या हातात चांगले मोठे पुरुषी घड्याळ. "मैत्रिणी हसायच्या," सिस्टर म्हणाल्या. "त्यांची घड्याळं नाजूक, बांगडीसारखी. पण रात्रपाळीला मंद दिव्यात नाडी मोजायची, तर सेकंदकाटा लांबच पाहिजे. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारानं गुणायचं. माझ्या लग्नात घड्याळ मी माझ्या पगारातून घेतलं, आणि हेच घेतलं."

तिसरे एस.टी.चे कंडक्टर. त्यांचे टायटन, सोनेरी पट्ट्याचे, सासऱ्यांनी दिलेले. "गाडी सुटते ती माझ्या घड्याळानं," ते म्हणाले, "पोचते ती देवाच्या." पण गुरुजींना सेलवरचे घड्याळ मान्य नव्हते. "त्याला रोज चावी द्यावी लागत नाही. ज्याची आठवण करावी लागत नाही, ते आपलं कसं?"

चाचांनी हातातले काम न थांबवता मध्यस्थी केली. माझ्या 'जनता'चे पोट उघडेच होते. त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. केसासारख्या बारीक कमानीवर एक चाक डावी-उजवीकडे झुलत होते. तासाला अठरा हजार झोके, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. सतरा ठिकाणी लाल माणके बसवलेली. ती कारखान्यात बनवलेली असतात, दागिन्याची नव्हेत, पण त्यांच्यामुळे धातू धातूवर घासत नाही. "आणि ह्यांच्यात," चाचांनी कंडक्टरांच्या घड्याळाकडे बोट केले, "स्फटिकाचा तुकडा असतो. सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. वेळ तोच बरोबर दाखवणार. भांडून काय उपयोग?"

जपानच्या सेइकोने 1969 च्या नाताळात पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढले. आपल्याकडे 1987 पासून टायटनची घड्याळे दुकानांत दिसू लागली. चावीची घड्याळे मागे पडली. एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी 2016 मध्ये मंजुरी दिली. आणि मग गंमत अशी, की ज्यांच्या घरी ती कपाटात पडून होती त्यांना ती एकाएकी आठवली.

"आता भाग कुठून आणता?" मी विचारले.

"दोन मेलेली उघडतो, तेव्हा एक जगतं," चाचा म्हणाले. त्यांच्याकडे काम शिकायला कोणी नाही. मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. माझ्यासारख्या हौशी माणसांसाठी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. जुने म्हणून झगझगीत रंगाच्या तबकडीचे घड्याळ कोणी विकू लागला, तर अक्षरे भिंगातून पाहावीत. पुसट किंवा वाकडी असली, तर जुन्या यंत्रावर नवी तबकडी रंगवून बसवली आहे असे समजावे. आणि चावी देताना घड्याळ हातातून काढावे. मनगटावर ठेवून दिली की चावीचा दांडा तिरपा ओढला जातो, आणि एक दिवस झिजून हातात येतो.

इतक्यात एक तरुण आला. त्याने रुमालात बांधलेले घड्याळ काचेवर ठेवले. काळे, प्लॅस्टिकचे, आकडे दाखवणारे. पट्ट्याचे एक टोक दोऱ्याने शिवलेले.

"हे तर खेळणं!" कंडक्टर म्हणाले. "सेलच्या पैशात नवं येईल की."

"येईल," तो तरुण म्हणाला. "पण आईला हेच पाहिजे."

त्याची आई धारूरकडच्या गावातली. दसरा झाला की पश्चिमेकडच्या कारखान्यांवर ऊसतोडीला जायची. हा आजीजवळ राहून शिकला. आठवीत असताना त्यानेच तिला या घड्याळाचा गजर लावून दिला होता, पहाटे तीनचा. तिला अक्षरे येत नव्हती, आकडे येत होते. आसपासच्या कोप्यांतली माणसेही त्याच गजरावर उठत. यंदा मुलाला नोकरी लागली, म्हणून ती गेली नाही.

"मग आता गजर कशाला?" सिस्टरांनी विचारले.

"गजर नकोच," तो म्हणाला. "तीनला तिला जाग येतेच. हे बंद आहे, म्हणून किती वाजलेत ते कळत नाही. उशीर झाला असं वाटून उठून बसते ती. वेळ दिसली, तर पुन्हा झोपेल. चाचा, सेल टाका, आणि गजर काढून द्या."

कंडक्टर काही बोलले नाहीत. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. चाचांनी माझे घड्याळ बाजूला ठेवले, चार बारीक स्क्रू काढले, सेल बसवला. आकडे उमटले. तरुणाने मोबाईलमध्ये पाहून वेळ लावली. मग चाचांनी कडेचे बटण दाबत दाबत गजराचे चिन्ह घालवले, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा पाहिले. त्याने पैसे विचारले, तेव्हा चाचांनी सेलचे तेवढे घेतले.

माझे 'जनता' तयार झाले. वेळ लावायला म्हणून मी विचारले, "किती वाजले?" तर गुरुजींच्या घड्याळात चार वाजून सात, सिस्टरांच्या चार वाजून दहा आणि कंडक्टरांच्या चार वाजून नऊ! एकमेकांकडे पाहून सगळे हसले.

"थांबा," गुरुजी म्हणाले. त्यांनी त्या तरुणाच्या हातातले काळे घड्याळ आपल्याकडे वळवून पाहिले आणि 'पायलट'चा काटा त्याला जुळवला. मग सिस्टरांनी जुळवला, मग कंडक्टरांनी, शेवटी मी.

लातूरची गाडी आम्हाला वेळेवर मिळाली.