विद्यापीठाची वाट ग्रेड दहापासून

दर वर्षी एचएससीचा निकाल लागला की दोनचार कुटुंबे आमच्या घरी येतात. हातात निकालाचा कागद, सोबत मुलगा किंवा मुलगी, आणि प्रश्न एकच: "गुरुजी, आता युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळेल ना?"

काही वर्षांपूर्वी अशीच एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी पास झाली होती. गणेश चतुर्थीच्या झाकरीत तिचा आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा. तिला मराठीची पदवी घेऊन शिक्षिका व्हायचे होते. पण निकालाच्या कागदावर मराठी हा विषयच नव्हता! "वर्गात मुले थोडी, पुढे उपयोग काय? अकाउंट्स घे," असा सल्ला तिला मिळाला होता. सल्ला देणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या दिवशी त्या माउलीपुढे आमची मान खाली गेली. आज हे लिहीत आहोत ते त्यासाठीच.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी कॉलेजची फी भरणे ऊस तोडणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेर होते. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. २०१९ साली सरकारने सार्वजनिक संस्थांतील पहिल्या पदवीची फीही माफ केली. पैशाची अडचण कमी झाली. पात्रतेची मात्र तशीच आहे. आणि पात्रता निकालाच्या दिवशी ठरत नाही. ती ग्रेड दहामध्ये विषय निवडताना ठरू लागते.

ती कशी, ते थोडक्यात सांगतो. पहिली पायरी एससीची. या परीक्षेत १ ते ९ अशा श्रेणी असतात. १ ते ६ पर्यंत 'क्रेडिट', ७ व ८ म्हणजे नुसते पास, आणि ९ म्हणजे नापास. घरी आपण "पास झाला" म्हणून पेढे वाटतो, पण पुढे मोजले जातात ते क्रेडिट. त्यातही इंग्रजीकडे विशेष लक्ष द्यावे. विद्यापीठातले शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून चालते. घरी क्रिओल आणि टीव्हीवर फ्रेंच ऐकणाऱ्या मुलाचे इंग्रजी मागे पडते, आणि ते एससीच्या कागदावर दिसते.

दुसरी पायरी एचएससीची. येथे तीन मुख्य विषय, एक सब्सिडियरी आणि जनरल पेपर असतात. मुख्य विषयांत ए ते ई म्हणजे पास. पण किमान अट पुरी झाली म्हणजे जागा मिळालीच असे समजू नये. ज्या अभ्यासक्रमाला मागणी जास्त, तेथे अर्ज करणाऱ्यांची गुणानुक्रमे यादी लागते. ज्याला तीन ई मिळाले तोही पास, पण यादीत तो शेवटी राहतो.

तिसरी गोष्ट अभ्यासक्रमाची स्वतःची अट. इंजिनियरिंगला गणित हवे, वैद्यकीय शाखेला रसायन हवे. तसेच मराठीची पदवी घ्यायची तर मराठी सोडून चालत नाही. रेद्वीचे मॉरिशस विद्यापीठ आणि मोका येथील महात्मा गांधी संस्था मिळून ही पदवी देतात. केंब्रिजच्या परीक्षेत मराठी हा इतर विषयांसारखाच विषय आहे. त्यातला ए हा अकाउंट्समधल्या ए इतकाच ए असतो. मन लावून शिकणाऱ्या मुलाला मराठी ओझे नाही, आधार आहे.

प्रत्येकाने मराठीचीच पदवी घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे, आनंदच आहे. मात्र विषय सोडताना आपण कोणते दार बंद करत आहोत, हे मुलाला कळले पाहिजे.

म्हणून पालकांना आमची विनंती. मूल ग्रेड नऊमध्ये असतानाच त्याला जवळ बसवून विचारा, "बाळा, पुढे काय व्हायचे आहे?" मग विद्यापीठाची त्या वर्षीची प्रवेशपत्रिका मिळवा. अटी बदलतात, शेजाऱ्याच्या जुन्या माहितीवर विसंबू नका. हव्या असलेल्या अभ्यासक्रमाचे पान काढून आवश्यक विषयांखाली पेन्सिलीने रेघ मारा. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर तो कागद बैठकेत घेऊन या. आपल्यातले पाचदहा शिक्षक आठवड्यातली एक संध्याकाळ त्यासाठी नक्की देतील.

ती मुलगी आज एका कार्यालयात काम करते. शनिवारी गावच्या बैठकेत लहान मुलांना बाराखडी शिकवते, तीही पगाराशिवाय. तिच्या वर्गातल्या मुलांपैकी कोणी पुढे मराठीची पदवी घेईल, तेव्हा आमच्या मनावरचे ओझे थोडे हलके होईल.