पिकअप गाडीची चारही चाके चालती करताना

पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या वाटेवर पिकअप गाडी रुतली म्हणजे मागील चाके जागीच फिरतात, पुढील निष्क्रिय राहतात व भाजीपाला वाटेतच नासतो. पुढील चाकांस जोर देण्यासाठी पुढचा चालक आस, ट्रान्स्फर केस व जादा प्रॉपेलर शाफ्ट बसवावा लागतो. त्याच बनावटीच्या मोडीतील फोर-व्हील गाडीचे सुस्थितीतील भाग मिळाल्यास खर्च पुष्कळ वाचतो. मात्र पुढील व मागील डिफरन्शियलचे दंतप्रमाण सारखेच असावे. अन्यथा ताण पडून दाते तुटतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध घातले आहेत. म्हणून परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी मिळाल्यावाचून कामास हात घालू नये. कर्ज काढण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी मागे खोल खाचांचे टायर घालून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.