नखाला जागा

कडी ओढून उघडायच्या डब्याचं झाकण साधारण दोन दशांश मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं असतं. त्यावर काठालगत एक गोल चर दाबलेली असते आणि चरीच्या तळाशी जो पत्रा उरतो, तो एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी. तेवढ्याशा पत्र्याकडून आपण दोन उलटी कामं मागतो. कारखान्यात शिजवताना आतून येणारा दाब त्याने सोसायचा, मग महिनोन् महिने गोदामात, ट्रकमध्ये, दुकानाच्या फळीवर टिकायचं. आणि शेवटी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बोटाच्या ओढीने फाटायचं.

माझी नोकरी चिकलठाण्यात पंच आणि डाय, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, बनवण्यात गेली. आधी दुचाकीचे भाग, मग शेवटची काही वर्षं ही झाकणं. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालं. फाटण्याचा प्रश्न आम्ही बराचसा सोडवला आहे, पण कडीखाली बोट शिरण्याचा प्रश्न अजून तसाच आहे. आणि डबा उघडताना अडते ती पहिली जागा हीच.

छत्रपती संभाजीनगरात पत्र्याचं काम रुजलं ते दुचाकींमुळे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याला माल पुरवणारी प्रेस शॉप्स उभी राहिली. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेली पोरं गावभर पसरली, मीही त्यातलाच. पुढे ब्रुअरी आल्या, पोलंडच्या कॅनपॅक कंपनीचा पेयांच्या डब्यांचा कारखानाही आला. त्यामुळे आमच्याकडे ‘कॅनचं झाकण’ म्हटलं की लोकांना बिअर आठवते. पण खाण्याच्या डब्याचं झाकण हे वेगळंच काम आहे. पेयाच्या डब्यात वायूचा दाब असतो. कडी उचलली की तो दाब झाकण फुटायला मदतच करतो, आणि उघडायचं असतं ते छोटंसं तोंड. बंद करून शिजवलेल्या खाण्याच्या डब्यात थंड झाल्यावर निर्वात पोकळी तयार होते. झाकण आत ओढलं जातं, कडी पत्र्याला चिकटून बसते, आणि वर अख्खं झाकण काढायचं असतं.

डबा आधी आला आणि तो उघडायचं साधन फार उशिरा. इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं १८१० साली, आणि अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने डबा फोडण्याच्या हत्याराचं पेटंट घेतलं १८५८ साली. मधली जवळजवळ पन्नास वर्षं लोक छिन्नी-हातोडी चालवत होते. झाकणातच कडी बसवायची युक्ती ओहायोतल्या डेटन गावच्या अर्मल फ्रेझची. १९५९ साली सहलीला गेल्यावर ओपनर घरी राहिला म्हणून त्याला मोटारीच्या बंपरवर डबा फोडावा लागला, आणि पुढच्या काही वर्षांत त्याने तुटून हातात येणारी कडी तयार केली. त्या कड्या माणसं वाटेत टाकत आणि त्यांनी पाय कापत. मग १९७५ च्या सुमारास रेनॉल्ड्स मेटल्सच्या डॅनियल कडझिकने डब्यालाच राहणारी कडी आणली. खाण्याच्या डब्याला मात्र तिचा उपयोग नाही. गुलाबजाम काही चिरेतून निघत नाहीत.

फ्रेझच्या डोक्यातली खरी चमक कडीत नव्हती, ती रिव्हेटमध्ये होती. कडी झाकणाला जोडायची तर भोक पाडावं लागेल, आणि भोक पडलं की डबा गळका. म्हणून झाकणाचाच पत्रा प्रेसमध्ये आधी फुगा काढून वर घ्यायचा, पुढच्या टप्प्यात त्याचं बटण करायचं, त्यावर कडीचं छिद्र बसवायचं आणि वरून ठोकून बटण पसरवायचं. कडी घट्ट बसते आणि पत्रा कुठेही फुटत नाही. डायमधून हे घडताना पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी जेवणाची सुट्टी विसरलो होतो.

चर कापलेली नसते, दाबलेली असते. ती दाबणाऱ्या पात्याचं टोक चपटं आणि अरुंद ठेवतात. ते झिजून रुंद झालं की तोच जोर जास्त पत्र्यावर पसरतो आणि चरीची खोली बदलते. सकाळी थंड असलेला प्रेस दुपारपर्यंत तापतो, त्यानेही माप हलतं. म्हणून चरीखाली उरलेला पत्रा पाळीभर पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली मोजत राहायचं. थोडा जास्त उरला तर कडी हातात तुटून येते, थोडा कमी उरला तर डबा वाहतुकीत फुटतो. मुख्य चरीच्या शेजारी एक उथळ चरही असते. ती फाडण्यासाठी नसते. दाबताना सरकणारा पत्रा सामावून घ्यायला आणि मुख्य चरीला तडा जाऊ न द्यायला असते. चर दाबताना कथलाचा मुलामा दुखावतो, मग तिथे गंज धरू नये म्हणून वरून लॅकरचा पट्टा मारतात.

झाकणावरची वर्तुळं पुष्कळांना नक्षी वाटतात, पण ती असतात शिजवतानाच्या दाबासाठी. आंब्याचा रस आंबट असल्याने उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर भागतं. मटार किंवा मासे यांसारख्या आंबट नसलेल्या पदार्थांना मात्र क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विषारी जंतूचे बीजाणू मारण्यासाठी साधारण १२१ अंश सेल्सिअसची वाफ द्यावी लागते. त्या वेळी झाकण बाहेर फुगतं आणि थंड होताना परत बसतं. ही वर्तुळं हार्मोनियमच्या भात्याच्या घड्यांसारखी उघडतात आणि मिटतात.

आता कडी. ती उंच ठेवली तर बोट सहज शिरेल, मग अडचण काय? अडचण अशी की डब्यावर डबा रचायचा असतो, त्यामुळे कडी काठाच्या शिवणीखालीच राहिली पाहिजे. फुगलेलं झाकण तिला आणखी वर ढकलतं. उंच कडी कारखान्याच्या पट्ट्यावर अडकते आणि आपोआप उचलली जाऊन चर फोडते. म्हणून ती पत्र्याला टेकवून ठेवतात आणि उघडणाऱ्याच्या नखावर भरवसा ठेवतात.

तो भरवसा किती पोकळ आहे हे मला सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर कळलं. मी तिथे निरनिराळ्या कड्यांचे डबे घेऊन बसायचो आणि फक्त हात बघायचो. एक काकू निवृत्त परिचारिका. मला म्हणाल्या, “भाऊ, ओढायला जोर आहे माझ्यात. पण नख कुठून आणू? नोकरीभर नखं कापलेली, आता वाढवायची सवयच नाही.” एका आजोबांचं बोट संधिवाताने सुजलेलं, ते कडीच्या भोकात पेरापर्यंतही जाईना. बहुतेक जणांनी न विचारता चमचा मागितला. कडी एकदा उचलली गेली की पुढचं झाकण त्यांतल्या पुष्कळांनी स्वतः ओढून काढलं. म्हणजे ड्रॉइंगवर आम्ही ज्याला सगळ्यात कठीण मानत होतो, ते ओढण्याचं काम त्यांना जमत होतं. अडत होतं ते त्याच्या आधीचं.

यावर उपाय आहे आणि तो मला मनापासून आवडतो. कडी उचलायचीच नाही. तिच्या मोकळ्या टोकाखालचा पत्रा खोलगट दाबायचा, म्हणजे बोटाचं टोक खाली उतरतं आणि कडी शिवणीखालीच राहते. जास्तीचा पत्रा लागत नाही, डायचा आकार तेवढा बदलावा लागतो. त्या खोलगटपणाने वर्तुळांचं बळ कमी होत नाही ना, हे मात्र वाफेत तपासून घ्यायला हवं. दुसरा मार्ग सोलून काढायच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पडद्याचा. तो हाताला फार सोपा, कापण्याची भीतीही कमी, पण शिजवताना बाहेरून हवेचा दाब फार काळजीने सांभाळावा लागतो. फाटलेल्या झाकणाची धार बोट कापते, त्यासाठी काठाचा पत्रा दुमडून धार लपवणारी झाकणंही निघाली आहेत.

जपानने या सगळ्याकडे लवकर लक्ष दिलं. वृद्ध आणि अपंग माणसांना वापरता येईल अशा वेष्टनांसाठी त्यांनी २००० सालीच मानक केलं. तिथे बिअरच्या डब्यांवर कडीजवळ ब्रेल ठिपके असतात, अंध माणसाला बोटाने कळावं की ही दारू आहे, सरबत नाही. २०१५ साली उघडण्याच्या सोपेपणावर आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ १७४८०. डबा उघडणाऱ्याचा हात हे डब्याच्या मापांइतकंच मोजायचं माप आहे, हे त्यामुळे कागदावर आलं. आपल्याकडे आमरस, गुलाबजाम, नारळाचं दूध डब्यांतून घरोघर जातं आणि उघडणारी पुष्कळदा घरातली सगळ्यात थकलेली बाई असते. तिचा हात आपल्या ड्रॉइंगवर यायला हवा.

तोपर्यंत घरी एवढं करा. डबा छातीशी न धरता ओट्यावर ठेवा, खाली ओला रुमाल घाला. कडीखाली चमच्याचा दांडा घालून ती उभी करा. बारीक आवाज येऊन हवा आत शिरली की थांबा, मग हळू ओढा. शेवटच्या बोटभर अंतरात झाकण झटक्याने सुटतं, पाक उडतो आणि हातही तिथेच कापतो, म्हणून तिथे ओढ सैल करा. फुगलेला डबा उघडूही नका, चाखूही नका.

आणि उघडला नाही तर नुसतं वैतागून गप्प बसू नका. वेष्टनावर ग्राहक तक्रारीचा पत्ता आणि फोन छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे नेमकं सांगा: नख शिरलं नाही, बोट भोकात मावलं नाही, की कडी मधेच तुटली. डब्यावर छापलेला बॅच नंबरही द्या. ‘झाकण खराब’ एवढ्यावर टूलरूममध्ये कुणालाच काही करता येत नाही. ‘नख शिरलं नाही’ म्हटलं की कुठला पंच बघायचा ते आम्हाला कळतं.