वॉशिंग मशीनच्या दाराचे गॅस्केट : झीज आणि दुरुस्ती

समोरून कपडे घालण्याच्या, म्हणजेच ‘फ्रंट लोड’ वॉशिंग मशीनचे दार उघडले की करड्या, घडीदार रबराचे एक कडे दिसते. दुरुस्तीचे कारागीर त्याला ‘गॅस्केट’ म्हणतात आणि यंत्रासमोर फरशीवर पाणी साचू लागले की पहिला संशय त्याच्यावरच घेतला जातो. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरच्या दारालाही अशीच एक पट्टी असते; परंतु तेथे फक्त हवा अडवायची असल्यामुळे नमद्याची किंवा मऊ रबराची साधी पट्टी पुरते. वॉशिंग मशीनच्या गॅस्केटला पाणी अडवावे लागते आणि त्याबरोबर सततची हालचालही सोसावी लागते.

ही हालचाल कोठून येते हे पाहिल्याशिवाय गॅस्केट का फाटते हे नीट कळत नाही. यंत्राचे पत्र्याचे खोके जमिनीवर स्थिर असते, त्याच्या आत पाणी धरणारी टाकी, म्हणजे ‘टब’, वरून स्प्रिंगांना टांगलेली आणि खालून धक्के शोषणाऱ्या दांड्यांवर, म्हणजे ‘डॅम्पर’वर, पेललेली असते, आणि या टबच्या आत भोके असलेला स्टीलचा ड्रम फिरतो. कपडे पिळताना अनेक यंत्रांत हा ड्रम मिनिटाला १००० ते १४०० फेरे घेतो आणि आतील ओल्या कपड्यांचे वजन एका बाजूला गेले की संपूर्ण टब हेलकावे खाऊ लागतो. हलणारा टब आणि स्थिर खोके यांना जोडणारा दुवा म्हणजे गॅस्केट. त्याची आतली कड टबच्या तोंडावर आणि बाहेरची कड पुढच्या पत्र्यावर तारेच्या कड्याने आवळलेली असते, तर मधल्या घड्या हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे उघडतात आणि मिटतात.

हे रबर बहुधा ‘ईपीडीएम’ नावाच्या कृत्रिम प्रकारचे असते. गरम पाणी आणि साबणाचा क्षार ते वर्षानुवर्षे सोसते, मात्र पेट्रोल, रॉकेल किंवा खनिज तेलापासून बनवलेले ग्रीस लागले की ते फुगते आणि कमकुवत होते. त्यामुळे रॉकेलने डाग काढलेला कपडा तसाच यंत्रात टाकणे किंवा दार घट्ट बसते म्हणून रबराला ग्रीस चोपडणे, हे दोन्ही उपाय महागात पडतात. तरीही गॅस्केट फाटण्याची बहुतेक कारणे याहून साधी असतात. खिशात राहिलेले नाणे, साडीची सेफ्टी पिन, अंतर्वस्त्राचा हूक किंवा केसांची पिन ड्रम आणि रबर यांच्या फटीत अडकते आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर रबर घासत राहते. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत क्षारांचा खरखरीत थर चढतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत घड्यांमध्ये बुरशीचे काळे ठिपके धरतात. बुरशीने वास येतो. केवळ तिच्यामुळे पाणी गळत नाही.

धुताना पाण्याची पातळी सहसा दाराच्या खालच्या कडेपर्यंत चढत नाही, परंतु उडालेले पाणी ओघळून खालच्या घडीत जमते आणि तेथील बारीक छिद्रांतून पुन्हा टबमध्ये उतरते. नाणी, वाळू, केस आणि कपड्यांचे तंतूही याच घडीत साचतात. म्हणून चीर बहुधा खालच्या भागात सापडते आणि तेथील लहानशी चीरही बरेच पाणी सोडते, तर वरच्या भागातील तेवढीच चीर पुष्कळदा थेंबभरच गळते. तपासणीपूर्वी यंत्राचा प्लग काढून नळ बंद करावा, कारण २३० व्होल्टचा प्रवाह आणि ओली फरशी हे एकत्र येऊ देणे धोक्याचे असते. मग दाराची काच आणि रबराची कड पुसून घ्यावी, कारण एखादा केस मध्ये अडकला तरी पाणी झिरपते. त्यानंतर बोटांनी घड्या उलगडून विजेरीच्या उजेडात सर्व वर्तुळ पाहावे. चीर न सापडल्यास खाली पुढच्या बाजूस असलेल्या फिल्टरचे झाकण सैल आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते, कारण तेथून गळणारे पाणीही दारासमोरच येते.

लहान चिरेला सायकलच्या पंक्चरचे ठिगळ लावण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु ईपीडीएमवर साधे सोल्यूशन किंवा सिलिकॉन धड चिकटत नाही आणि सतत दुमडणाऱ्या घडीवरचे ठिगळ लवकरच सुटते. वरच्या भागातील चिरेवर असे ठिगळ काही काळ निभावते; खालच्या भागात चीर असेल तर गॅस्केट बदलणेच योग्य. नवीन गॅस्केट यंत्राच्या मॉडेल क्रमांकाप्रमाणेच घ्यावे लागते. दिसायला सारखी असलेली दोन गॅस्केटे काही मिलिमीटरनेही वेगळी असू शकतात.

बदलताना प्रथम बाहेरच्या तारेचे कडे त्याच्या छोट्या स्प्रिंगखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून काढतात आणि रबराची कड पत्र्यावरून सोडवून आत दुमडतात. आतल्या कड्यापर्यंत काही यंत्रांत दारातूनच हात पोहोचतो, तर काहींमध्ये वरचे झाकण, दाराचे लॉक आणि पुढचा पत्रा उतरवावा लागतो, आणि असे यंत्र घरच्या माणसाने न उघडलेले बरे. टबच्या तोंडावरचा क्षार खरवडून झाल्यावर नवीन रबरावरची खूण, जी पुष्कळदा लहान त्रिकोणाची असते, टबवरच्या खुणेशी जुळवतात; ही जुळणी चुकली तर पाणी निचरण्याची छिद्रे तळाशी राहत नाहीत. खाचेला भांडी घासण्याच्या द्रवाचा हलका हात दिला की रबर सहज सरकते. सर्वांत कष्टाचे काम म्हणजे आतल्या कड्याची स्प्रिंग ताणून बसवणे, आणि यासाठी चार हात असलेले चांगले. शेवटी कपडे न टाकता एकदा यंत्र चालवून खाली कोरडा कागद ठेवून पाहतात.

नव्या रबराचे आयुष्य वाढवण्यासाठी धुलाईनंतर खालची घडी पुसून दार थोडे उघडे ठेवावे; घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मात्र उघड्या दारावर लक्ष असावे लागते. नवीन गॅस्केटही थोड्याच काळात, तेही त्याच जागी फाटले, तर दोष रबराचा नसून टबला आवरू न शकणाऱ्या जीर्ण डॅम्परचा किंवा सैल झालेल्या बिजागरीचा असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी आधी ते दुरुस्त करून मगच पुन्हा गॅस्केटवर पैसे घालावेत.