तणनाशकाला शत्रू ओळखता येत नाही
आमच्या झाशीकडे गव्हात चाकवत, म्हणजे इथला बथुआ, माजला की २,४-डी फवारतात. हे औषध रुंद पानांच्या तणाची वाढ बेताल करून त्याला मारते. गहू तृणवर्गीय, म्हणून तगतो. वेळ मात्र पाळा: पेरणीनंतर ३० ते ३५ दिवस. चुकीच्या वेळी फवारले तर ओंब्या वाकड्या होतात.

फौजी भाषेत सांगतो, या औषधाला शत्रू-मित्र कळत नाही. शेजारचा हरभरा, मोहरी, जनावरांचा बरसीम, सगळे रुंद पानांचेच! वाऱ्याने फवारा तिकडे गेला, तर शेजाऱ्याचा हंगाम गेला. म्हणून वारा पडल्यावरच, नोझल खाली धरून फवारा. या औषधाचा पंप वेगळाच ठेवा. गव्हात हरभरा किंवा मोहरी मिसळून पेरली असेल, तर खुरपेच हाती घ्या.