आधी पुसायचं, मग उघडायचं

‘भिजलेला फोन तांदळात ठेवू नका. बंद करा आणि थेट आणा.’

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या जवळच्या एका गल्लीत ही पाटी दिसली. पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहिलेली. जुलैचा पाऊस लागलेला होता आणि फोन भिजला की तांदळाचा डबा उघडायचा, हा तर घरोघरीचा उपाय. मग हा माणूस नको का म्हणतो? विचारायला आत गेले आणि नंतर पावसाळाभर अधूनमधून त्याच्या काउंटरच्या कडेला उभी राहिले.

दुकान एवढंसं. मायक्रोस्कोप, गरम हवेची गन, मल्टिमीटर, चिमटे, दात घासायचे जुने ब्रश. या सगळ्यावर एक वास कायम असतो: आयसोप्रोपिल अल्कोहोलचा तीव्र आणि त्यामागून राळेचा. डाख देताना लावतात त्या फ्लक्समध्ये ही राळ असते. घरी आल्यावरही तो वास ओढणीला येत राहायचा.

काम करणारा बार्शीकडचा, आयटीआय झालेला. गिऱ्हाइकं त्याला दादा म्हणतात. फोन हातात घेण्याआधी तो दोन प्रश्न विचारतो. “पाणी लागलं होतं का?” बहुतेक जण नाही म्हणतात. “बरं. चार्जिंगला लावून बघितला का?” इथे माणूस जरा थांबतो आणि त्या थांबण्यातून दादाला पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळतं. तो कुणाला रागावत नाही.

फोन चार्ज होत नाही, ही तिथली सगळ्यात नेहमीची तक्रार. दादा म्हणाला, “दहातले सहा नुसते साफ करून चालू होतात.” त्यानंतर मी हेच बघत राहिले. एक कॉलेजचा मुलगा नवी बॅटरी टाकायच्या तयारीने आला होता. दादाने फोन बंद केला, टॉर्च धरला आणि लाकडी टूथपिकने चार्जिंगच्या खाचेतून करड्या रंगाची एक घट्ट लोळी काढली. खिशातल्या कापडाचा कचरा. केबल लावताना रोज थोडा थोडा आत दाबला जातो आणि मग केबल पूर्ण आत बसतच नाही. टाइप-सी खाचेत मधल्या पातळ जिभेच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ संपर्क असतात, म्हणून तिथे सुई किंवा सेफ्टी पिन घालायची नाही. मुलाने पैसे विचारले. दादाने नको म्हणून हात हलवला आणि पुढचा फोन घेतला. दहातले सहा.

भिजलेल्या फोनची गोष्ट वेगळी. एका दुपारी कात्रजहून एक बाई आल्या. त्या डबे पुरवतात. कुणाचे किती डबे झाले, कुणाकडून पैसे यायचेत, सगळं फोनमध्ये. फोन पावसात भिजला, दोन दिवस तांदळात राहिला, मग त्यांनी चार्जर लावला आणि फोन डेड.

दादाने बोर्ड काढून मायक्रोस्कोपखाली धरला आणि मला बघायला बोलावलं. तांब्याच्या रेषांवर हिरवट-पांढरा थर चढला होता. तांदूळ भोवतालच्या हवेतला ओलावा थोडाफार ओढतो. बोर्डावरच्या धातूच्या झाकणांखाली अडकलेल्या पाण्यापर्यंत तो पोहोचत नाही, उलट त्याचा भुसा खाचेत जातो. ॲपलनेही २०२४ साली आपल्या ग्राहकांना तांदूळ वापरू नका असंच सांगितलं. त्या दोन दिवसांत पाणी आत तसंच राहतं आणि त्यात वीज सोडली की गंज झपाट्याने धरतो. फोन लगेच बंद करून, सिमचा ट्रे काढून, खाच खालच्या बाजूला धरून हलकेच आपटून वाऱ्यावर ठेवला असता, चार्जर लांब ठेवला असता, तर काम खूप सोपं झालं असतं. बाईंना हे दादाने सांगितलं, पण फोन चालू झाल्यावर. आधी नाही.

बोर्डाला त्याने बाहेरून वीज जोडली. फोनचं बटण दाबलेलंही नव्हतं, तरी मीटरचा आकडा वर गेला. “फुल शॉर्ट,” तो म्हणाला. आता शेकडो बारीक भागांतला कुठला शॉर्ट झालाय हे शोधायचं. त्याने गरम डाखयंत्राचं टोक राळेत बुडवलं, पांढरा धूर निघाला आणि तो धूर त्याने बोर्डावर बसू दिला. बोर्डावर दहीवरासारखा पातळ थर आला. मग अगदी कमी दाबाची वीज सोडली. दोन-तीन क्षण काहीच झालं नाही. नंतर एका कोपऱ्यात त्या पांढऱ्यावर एक काळा ठिपका उमटला. शॉर्ट झालेला भाग तापला होता आणि त्याच्यावरची राळ सगळ्यात आधी वितळली होती. तो होता एक कपॅसिटर, लांबी एक मिलिमीटरही नाही. दादाने तो चिमट्याने उचलला आणि मीटरचा आकडा शून्यावर आला.

अल्कोहोलने बोर्ड धुऊन, वाळवून, बॅटरी जोडली. पडदा उजळला.

“लागला का हो?” बाई उभ्या राहिल्या.

“लागला, मावशी. पण आधी हिशोब दुसरीकडे उतरवून घ्या. गंज लागलेला बोर्ड आहे, किती दिवस चालेल याची खात्री मी देणार नाही.”

ही खात्री न देण्यातली सचोटी मला त्या हातांच्या कौशल्याएवढीच मोठी वाटली.

लॅपटॉपची कामं त्या मानाने झटपट होतात. पडदा काळा, फक्त दिवा लागतो, अशा मशीनचा चार्जर काढून, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढून, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. साठलेली वीज निघून जाते आणि कित्येक मशीन तेवढ्यावर सुरू होतात. नाही झालं तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क शाळेतल्या खोडरबरने घासायचे. जुना लॅपटॉप रडतखडत चालत असेल आणि आत फिरणारी हार्डडिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवली की तो आणखी काही वर्षं काम देतो.

एका बाबतीत मात्र दादा कडक होतो. लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, म्हणून एक गृहस्थ आले होते. त्यांना टचपॅड बदलायचा होता. दादाने खालचे स्क्रू काढले तर खाली बॅटरी फुगलेली. लिथियमची बॅटरी जुनी झाली किंवा फार तापली की आतल्या रसायनाचं विघटन होऊन वायू साठतो आणि ती वरचं सगळं उचलते. फोनचा पडदा कडेने उघडू लागला तर कारण बहुधा हेच असतं. गृहस्थ म्हणाले, “आठवडाभर चालू द्या, मग बघू.” दादाने ती बॅटरी परत बसवायला साफ नकार दिला. दाबली, टोचली गेली तर पेट घेते. काउंटरखाली अशा बॅटऱ्यांसाठी त्याने वाळूचा डबा ठेवलाय आणि त्या ई-कचरा नेणाऱ्याकडे जातात.

फोन ठेवून घेताना तो पासवर्ड मागत नाही. सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आहे, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’. तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला आपले फोटो आणि निरोप दिसत नाहीत. दादा हे स्वतःहून दाखवतो. बहुतेकांना ठाऊकच नसतं.

असा माणूस काम करतो कशाच्या आधारावर? बोर्डाचा नकाशा, म्हणजे कुठला भाग कुठे जोडलाय याचा आराखडा, त्याला बाहेरच्या एका सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी भरून मिळवावा लागतो. सुटा भाग अस्सल आहे का, हे हाताळूनच ओळखायचं. दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवायला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. या गल्लीत नकाशा अजून वर्गणी भरूनच येतो. हा अन्याय आहे. दहातले सहा फोन पुसून चालू होतील, पण उरलेल्या चारांसाठी या लोकांना नकाशा आणि खरे भाग हक्काने मिळाले पाहिजेत.

नवा फोन घेताना आपण कॅमेऱ्याबद्दल दहा प्रश्न विचारतो. त्याच वेळी एवढंही विचारा: याची बॅटरी आणि पडदा किती वर्षं मिळतील, कितीला मिळतील आणि ते बाहेरच्या दुकानात बसवता येतील का?