विद्यार्थि-परिषद, शालेय
शालेय विद्यार्थि-परिषद : शाळेच्या कारभारात सहभागी होण्यासाठी विद्यार्थ्यांनी आपल्यातून निवडलेल्या प्रतिनिधींची संस्था. महाराष्ट्रात ‘शालेय मंत्रिमंडळ’, ‘बालसंसद’ ही नावेही रूढ आहेत. वर्गनायक व परिषदेचा प्रतिनिधी यांत मूलतः फरक आहे. वर्गनायक शिक्षकांच्या वतीने शिस्त राखतो; प्रतिनिधी विद्यार्थ्यांच्या वतीने बोलतो व त्यांनाच उत्तरदायी असतो.

या कल्पनेचे आधुनिक प्रयोग प्रथम निवासी संस्थांत झाले. विल्यम जॉर्ज (१८६६–१९३६) यांनी १८९५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात फ्रीव्हिल येथे मुलांचे ‘प्रजासत्ताक’ स्थापिले. पोलंडमधील वैद्य व लेखक यानुश कॉर्चाक यांच्या वॉर्सा येथील अनाथगृहात मुलांचे न्यायालय भरे. त्या आठवड्यात ज्यांच्यावर तक्रार नसेल अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडीत. तेथील संहितेची बहुतेक कलमे क्षमेची होती. न्यायालयाचा अधिकार प्रौढांवरही चाले. एका सहामाहीत कॉर्चाक यांनी पाच वेळा स्वतःवरच खटला गुदरला. मुलाच्या कानशिलात मारणे, मुलीवर चोरीचा आळ घेणे अशी त्यांतील कारणे होती. १९४२ मध्ये नाझींनी त्यांना मुलांसह ट्रेब्लिंका येथे नेऊन ठार केले. इंग्लंडमधील समरहिल शाळेत (स्थापना १९२१) ए. एस्. नील (१८८३–१९७३) यांनी सर्वसाधारण सभेत लहान मूल व मुख्याध्यापक यांना प्रत्येकी एकच मत दिले. मात्र शिक्षकांची नेमणूक व मुलांची सुरक्षितता हे विषय त्यांनी सभेबाहेर ठेवले होते.

भारतात शांतिनिकेतन येथे रवींद्रनाथ टागोरांनी विद्यार्थ्यांच्या स्वशासनास स्थान दिले. सेवाग्राम येथील नई तालीमच्या शाळेत सफाई, स्वयंपाक, आरोग्य इत्यादींची जबाबदारी विद्यार्थी ‘मंत्री’ सांभाळीत व आमसभेपुढे कामाचा हिशेब देत. माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) सर्व शाळांत विद्यार्थि-परिषदा असाव्यात आणि आचारसंहिता तयार करून ती पाळली जाते की नाही हे त्यांनी पाहावे, अशी शिफारस केली. तीत भर शिस्तीवर होता. राजस्थानातील तिलोनिया परिसरात दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा चालत. त्यांच्या बालसंसदेने (१९९३) मात्र शिक्षकांची उपस्थिती, पाणी, दिवे यांसारख्या प्रश्नांवर प्रौढांना जाब विचारला.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) १२ व्या अनुच्छेदानुसार स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलास, त्याच्याशी संबंधित बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे. त्या मतास वय व परिपक्वता यांनुसार महत्त्व द्यावयाचे असते. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. आयर्लंडच्या १९९८ च्या शिक्षण अधिनियमात विद्यार्थि-परिषदेची तरतूद आहे. भारतातील २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. स्वतंत्र विद्यार्थि-परिषद मात्र त्याने अनिवार्य केलेली नाही.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. प्रौढांनी मुलांना हाताशी धरणे, शोभेसाठी उभे करणे व नाममात्र प्रतिनिधित्व देणे या तळच्या तीन पायऱ्यांस त्यांनी सहभाग मानले नाही. अनेक शाळांतील परिषदा याच पायऱ्यांवर थांबतात. निवडणूक थाटाने होते, शपथविधी होतो; पुढे मंत्र्यांकडे रांगा लावणे व फळा पुसणे एवढेच काम उरते. गुप्त मतदान, सभेची निश्चित वेळ, इतिवृत्त आणि कोणते विषय परिषदेच्या अधिकारात येतात याची पूर्वकल्पना ही परिषदेच्या यशाची किमान पथ्ये होत. परीक्षेचे गुण वा शिक्षकांच्या नेमणुका तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात गैर नाही. तथापि ती मर्यादा आधीच सांगितली पाहिजे व अमान्य ठरावाचे कारण मुलांना कळले पाहिजे. जेथे ठरावास उत्तरच मिळत नाही, तेथे मुले लोकशाहीऐवजी तिचा देखावा शिकतात. म्हणून मुलांनी किती कामे केली यावरून नव्हे, तर त्यांच्या म्हणण्यामुळे प्रौढांचा एखादा निर्णय बदलू शकतो की नाही, यावरून परिषदेचे मूल्यमापन करणे उचित ठरते.